भिंतीवरचं अर्धं वाक्य

दिवाळीत आमच्या घरी पाहुणे जमले, फराळाची ताटं मांडली गेली, की कोणीतरी म्हणतंच, "काकू, बकरीची गोष्ट सांगा ना." मग मी पदर खोचून सांगते. एका सोमवारी माझ्या वर्गातल्या एका पोराने लिहिलं होतं की काल संध्याकाळी आमची बकरी माझी वही खात होती. मी म्हटलं, बहाणा. मंगळवारी तो बकरीच घेऊन आला. एका हातात दावं, दुसऱ्या हातात अर्धी वही. "मॅडम, इचारा तिले." बकरीने वर्गभर नजर फिरवली आणि माझ्या टेबलावरचं हजेरीपत्रक तोंडात धरलं. इथे सगळे हसतात, मीही हसते, आणि चकली संपते.

गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना मी दरवर्षी एक चलाखी करते. बकरीचं ते वाक्य मी पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहून वर्गाच्या भिंतीवर लावलं होतं, हे सांगते. त्याच भिंतीवर पुढे आणखी एक पट्टी लागली होती, तिच्याबद्दल बोलत नाही. ती गोष्ट चकलीसोबत सांगण्यासारखी नाही. म्हणून यंदा लिहूनच काढते. गावाची आणि माणसांची खरी नावं लिहीत नाही. माझ्या तोंडून एकदा नाव निघून गेलं, तेवढं पुरे.

मी इंग्रजी शिकवते. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. वडील वीज केंद्रात. जंगल म्हणजे कंपनीच्या बसच्या खिडकीतून दिसणारं हिरवं काहीतरी, एवढीच माझी ओळख. नोकरी लागली ती वैनगंगेपलीकडच्या एका शाळेत, जिथे खेळाच्या मैदानाची हद्द संपली की जंगलाची हद्द सुरू होते. मी नदीअलीकडे सावली गावात खोली घेतली आणि स्कूटीवरून नदी ओलांडून जाऊ-येऊ लागले. पहिल्या वर्षी मोहाचं झाड कोणतं आणि सागाचं कोणतं हे मुलांना विचारावं लागे. मुलं कौतुकाने सांगत आणि पाठीमागे हसत. हक्कच होता त्यांचा. मीही त्यांच्या इंग्रजीला हसतच होते की.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंग्रजीत चालू भूतकाळ नावाचं एक प्रकरण आहे. मागे एका वेळी एखादं काम सुरू होतं, अजून संपलेलं नव्हतं, असं सांगायचं असलं की तो वापरतात. गाईडात त्याचं एकच वाक्य असतं. राम वॉज ईटिंग अ मँगो. मी शाळेत होते तेव्हाही राम आंबा खात होता, माझ्या मुलाच्या वेळीही खात होता. तो आंबा काही संपत नाही.

आठवीच्या वर्गात मी तीन दिवस हा आंबा शिकवला. 'वॉज' का, 'ईटिंग' का, कोणाच्या डोक्यात शिरेना. चौथ्या दिवशी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला इथे जमुना म्हणू. बारीक, सावळी, बोलताना मान जरा तिरकी करायची.

"मॅडम, म्हंजे 'राम आंबा खाऊन राह्यला होता' असंच ना?"

"अगं हो! तेच!"

"मंग तसं सांगा ना. 'खात होता' कोन म्हनते इथी?"

वर्गाला एका मिनिटात समजलं. 'राह्यला' म्हणजे 'इंग', 'होता' म्हणजे 'वॉज'. मी बी.एड. करून जे शिकले नव्हते ते मला आठवीतल्या पोरीने शिकवलं. त्या दिवसापासून मी राम आणि आंबा बंद केला आणि स्वतःचा एक नियम काढला. दर सोमवारी मुलांनी वहीत लिहायचं : काल अमुक वाजता आपल्या घरी कोण काय करून राह्यलं होतं. आणि लिहायचं ते खरंच. मनाचं नाही, गाईडातलं नाही.

"खरंच, मॅडम? जे असंल ते?"

"जे असेल ते. खरं लिहिलं की भाषा आपोआप येते."

हे वाक्य मी फार ऐटीत म्हणायची. खोटंही नव्हतं. मुलं लिहायला लागली. आजी वॉज कॉम्बिंग, काका वॉज रिपेअरिंग अ नेट, डॉग वॉज बार्किंग अॅट मामा. एक पोरगा वर्षभर एकच लिहायचा, आय वॉज स्लीपिंग. तपास केला तर तेही खरंच होतं.

यातली चांगली वाक्यं मी भिंतीवर लावायची. सावलीच्या औषधाच्या दुकानातून खोकी आणायची, वीतभर लांबीच्या पट्ट्या कापायच्या, जाड स्केचपेनने लिहायचं. एका पट्टीत पाच-सहा शब्द मावत. एका मुलाचं एकच वाक्य, आणि तेही बिनचूक. भिंतीवर चूक नको, हा माझा दुसरा नियम. कारण भिंत मुलांसाठी आहे असं मी म्हणत असले, तरी ती मुख्यतः येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांसाठी होती. हे मला आता लिहिता येतं. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

मार्च महिना होता. मोहफुलं पडण्याचे दिवस. फुलं पहाटे झडतात आणि वाळलेल्या पाल्यात पडली की दिसत नाहीत. म्हणून झाडाखालची जागा साफ करावी लागते. कोणी झाडून काढतं, कोणी पाला जाळतं. जाळलं की जमीन काळी स्वच्छ होते आणि त्यावर फुलं पिवळी उठून दिसतात. पण तीच आग सुटली तर डोंगर खाते. म्हणून जाळायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. हे सगळं मी नंतर शिकले.

त्या रविवारी गावाच्या बाजूचं, वनखात्याने लावलेलं एक रोपवन जळालं. सोमवारी हवेत धूर होता. मी वर्गात आले आणि फळ्यावर लिहिलं : काल सकाळी सहा वाजता. आगीचा आणि माझ्या प्रश्नाचा काही संबंध असू शकतो हे माझ्या मनातही आलं नाही. मला फक्त क्रियापदं हवी होती.

जमुनाने तीन वाक्यं लिहिली होती. माय फादर वॉज बर्निंग ड्राय लीव्ज. आय वॉज स्टँडिंग विथ ग्रीन ब्रँच. बिकॉज फायर वॉज नॉट स्लीपिंग.

वडील वाळलेला पाला जाळत होते. मी हिरवी फांदी घेऊन उभी होते. कारण आग झोपली नव्हती.

पहिलं वाक्य मोत्यासारखं. त्याला मी बरोबरची खूण केली. दुसऱ्यात एक छोटा शब्द राहिला होता, तिसरं 'बिकॉज'ने सुरू झालेलं. दोन्हींखाली लाल रेघ. पट्टीवर मी पहिलं वाक्य उतरवलं आणि खाली बारीक अक्षरात तिचं नाव.

"मॅडम, दुसरं बी लावा ना," ती म्हणाली.

"पट्टी पुरत नाही गं. आणि आग काय झोपते?"

"आमच्या घरी झोपते, मॅडम. माझी आजी म्हनते, आग निजली का पाहून मंगच घरी या."

वर्ग हसला. मीही हसले. "बरं, तुमच्या घरची झोपत असेल," म्हटलं आणि पट्टी लावून टाकली.

गुरुवारी रेंजर साहेब शाळेत आले. वणव्याबद्दल मुलांना सांगायला. माणूस भला, बोलणं मुद्द्याचं. आठवडाभर झोप झालेली नसावी असे डोळे. त्यांचं भाषण झालं, चहा झाला, आणि मी त्यांना माझी भिंत दाखवायला नेलं. नेलं म्हणजे जवळजवळ ओढतच नेलं. त्यांनी बकरी वाचली, हसले. काकाचं जाळं वाचलं. मग एका पट्टीपाशी थांबले.

"मॅडम, हे मुलं खरं लिहितात?"

"एकूण एक शब्द खरा, सर! तोच तर आमचा नियम आहे."

"आणि ही मुलगी?"

"जमुना! सुकरू भाऊंची मुलगी. नाल्याजवळचं शेवटचं घर. फार हुशार आहे, सर. तुम्ही बघाच, ही पुढे जाणार."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, कौतुकाने.

शुक्रवारी जमुनाची जागा रिकामी होती. हजेरी घेताना तिच्या शेजारणीला विचारलं, तर ती पोरगी बाकाकडे बघत म्हणाली, "तिच्या बाबाले साहेबाच्या गाडीनं नेलं, मॅडम. रोपवन त्यायनंच जाळलं म्हनते."

"कोण म्हणतं?"

मागून कोणीतरी पुटपुटलं, "भिंतीवर लिवलं हाय ना."

मी वळून पाहिलं. पट्टी तिथे नव्हती. दोन टाचण्या होत्या.

हेडमास्तर जुने, अनुभवी. माझं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही पन ना! साहेबाले काऊन दाखवलं? आता असं करा, जा आन् सांगा की वाक्य गाईडातलं हाय. व्याकरन हाय, साहेब. राम आंबा खाते, तसा बाप पाला जाळते. कोन इचारते?"

मी स्कूटी काढली. वाटभर तेच घोकत गेले. व्याकरण आहे, सर. सराव आहे, सर. आयुष्यभर लोकांना इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या बाईला त्या दिवशी मराठीतली दोन वाक्यं पाठ करावी लागत होती.

रेंज ऑफिसात सुकरू भाऊ बाकावर बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत, हात मांडीवर, अगदी शांत. आणि त्यांच्या शेजारी, शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर, जमुना. शाळेत म्हणून निघाली होती ती बापामागे चालत तिथवर आली होती. मला पाहून तिचा चेहरा असा खुलला की मला तो आजही आठवतो. मॅडम आल्या, आता मॅडम सांगतील.

टेबलावर माझी पट्टी होती.

"या मॅडम," साहेब म्हणाले. "हे वाक्य मुलीने स्वतःच्या घरचं लिहिलंय ना?"

"नाही, सर. हा सराव असतो. काल्पनिक."

"काल तर तुम्ही म्हणालात, एकूण एक शब्द खरा."

"ते आपलं... उत्साहात बोलले, सर. मुलं काहीही लिहितात. याला काही अर्थ नसतो."

साहेबांनी जमुनाकडे पाहिलं. जमुना माझ्याकडे बघत होती. मान तिरकी नव्हती. एकदम सरळ होती.

तेवढ्यात सुकरू भाऊ बोलले. "नाई जी, साहेब. पोट्टी खोटं नाई लिवत. मी जाळून राह्यलो होतो."

"भाऊ, थांबा ना," मी म्हटलं.

"राहू द्या, मॅडम. माह्यासाठी पोरीले खोटी नोका पाडू." मग साहेबांना म्हणाले, "जाळून राह्यलो होतो, पन सोडून नाई गेलो. आमच्यात एक जन जाळते, एक जन हिरवी फांदी घेऊन उभा राह्यते. आग भायेर निंगाली का झोडपाची. राख थंडी होयेपर्यंत घरी जाचं नाई. ही पोट्टीच उभी होती फांदी घेऊन."

"इथे फांदीचं काही लिहिलेलं नाही," साहेब पट्टीवर बोट ठेवून म्हणाले.

"वहीत हाय," जमुना म्हणाली.

तिने दप्तर उघडलं, वही काढली, पान शोधून टेबलावर ठेवलं. साहेब वाचू लागले. पहिल्या वाक्यापाशी माझी बरोबरची खूण. त्याखाली दोन वाक्यं, आणि त्यांच्याखाली माझ्या लाल रेघा. साहेबांनी ती दोनदा वाचली.

"मॅडम, हे भिंतीवर का नव्हतं?"

"पट्टी लहान होती, सर," मी म्हटलं.

याहून खरं आणि याहून लाजिरवाणं वाक्य मी कुठल्याही भाषेत बोललेले नाही.

साहेब उठले. "चला, झाड दाखवा."

आम्ही सगळे गेलो. सुकरू भाऊंच्या घरचं ते मोहाचं झाड, त्यांच्या आजोबांपासून तेच वेचतात. बुंध्याभोवती काळं रिंगण, माझ्या वर्गाएवढं. रिंगणाच्या बाहेर घोटाभर वाळका पाला, जसाच्या तसा, चुरचुरीत. त्या पाल्याला एक ठिणगी पुरली असती. काळ्या कडेला ठिकठिकाणी झोडपल्याच्या खुणा होत्या. बुंध्याला टेकवून एक फांदी ठेवलेली. पानं सुकलेली, एका बाजूने करपलेली. आणि काळ्या जमिनीवर त्या दिवसाची फुलं कोणी न वेचता पडलेली, अर्धी गुरांनी खाल्लेली. जळालेलं रोपवन नाल्याच्या पार पलीकडे होतं, मधला सगळा पट्टा हिरवा-पिवळा शाबूत.

साहेबांनी ती फांदी उचलून पाहिली आणि परत होती तशी ठेवली.

"आग इथून गेलेली नाही," ते म्हणाले. "पण भाऊ, जाळणं ते जाळणंच. तुमच्यासारखा प्रत्येक जण उभा राहत नाही."

"ते बी खरंच हाय, जी."

पुन्हा जाळणार नाही, झाडूनच काढीन, असं भाऊंनी लिहून दिलं, सही झाली आणि ते सुटले. त्यांनी तो शब्द पाळला. पुढच्या मार्चपासून त्या झाडाखाली खराटा दिसायचा.

परतताना सुकरू भाऊ माझ्या स्कूटीशी थांबले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हसून म्हणाले, "मॅडम, तुमची इंग्रजी लय जबर. पाच-सहा शब्दात मानूस गाडीत बसते." आणि मग हळू, "पोरीले काई म्हनू नका. भेली असंन ते."

मी पोरीला काय म्हणणार होते? पोर माझ्याकडे बघतही नव्हती.

इथवरचं सगळं निभावलं, असं कोणी म्हणेल. हेडमास्तर तसंच म्हणाले. पण गावात बोलणं सुरू झालं होतं, पोरीनं बापाले धरून देलं. सुट्टीत पोरं तिला ऐकू जाईल असं म्हणायची, "ये, हिच्यासमोर नोको बोलू बावा, इंग्रजीत लिवते." मी वर्गात एकदा रागावले. रागावल्याने अशा गोष्टी थांबत नाहीत, फक्त माझ्यापासून लांब जाऊन होतात.

आणि पुढच्या सोमवारी मी जमुनाची वही उघडली. सुंदर, गोल अक्षरात एकच वाक्य होतं. राम वॉज ईटिंग अ मँगो.

त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. नववीत तेच. मी तिला एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "जमुना, घरचं लिही ना गं काहीतरी." ती म्हणाली, "बरोबर हाय ना, मॅडम?" बरोबरच होतं. चूक काढायला जागा नव्हती. मी दर सोमवारी खूण करत राहिले. मास्तरकीत अनेक शिक्षा मी दिल्या असतील, पण मला कोणी दिलेली ही एकच, आणि ती दोन वर्षं चालली.

भिंत मी बदलली. खोक्याच्या पट्ट्या टाकून दिल्या. जुनी कॅलेंडरं आणायला लागले, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलाचं लिहिलेलं सगळंच्या सगळं उतरवायचं, चुकांसकट. आणि लावायच्या आधी मुलालाच विचारायचं, लावू का? कितीतरी मुलं 'नको' म्हणायची. मग नाही लावायचं. एका तपासणीत शिक्षणखात्याच्या साहेबांनी शेरा मारला की भिंतीवरील इंग्रजी अशुद्ध आहे. मी सही केली.

जमुनालाही मी दरवेळी विचारायची, लावू का? ती म्हणायची, "लावा ना." म्हणून माझ्या भिंतीवर दोन वर्षं एक राम आंबा खात होता.

दहावीचा निरोपसमारंभ झाला. पोहे खाऊन झाले, फोटो झाले, मुली रडून झाल्या. मी वर्गात खुर्च्या लावत होते तेव्हा जमुना दारात आली. आजी बाहेर थांबली आहे म्हणाली. मग, "मॅडम, कॅलेंडरचा कागद हाय काय एखादा?"

मी दिला. स्केचपेन दिलं. तिने बाकावर कागद पसरला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. लिहिताना मान तिरकी झाली होती. दोन वर्षांनी मी ती तशी पाहत होते. कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "लावासाठी हाय."

व्हेन साहेब वॉज रीडिंग माय नोटबुक, माय टीचर वॉज लुकिंग अॅट फ्लोअर.

साहेब माझी वही वाचत होते, तेव्हा माझ्या मॅडम जमिनीकडे बघत होत्या.

एक छोटा शब्द राहिला होता. मी लाल पेन शोधलं नाही. "खरं आहे," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "हो, मॅडम," आणि पाया पडून गेली.

कागद मी तिच्यासमोरच लावला असता तर बरं झालं असतं. पण मी टाचण्या शोधेपर्यंत ती आजीचा हात धरून नाल्याच्या वाटेला लागली होती.

आता ती गडचिरोलीला शिकते. बाकीचं तिचं ती सांगेल, मी सांगायचं नाही. कागद अजून भिंतीवर आहे, कडा पिवळ्या पडल्यात, दोनदा मी मागून चिकटपट्टी लावली. बाहेरून कोणी पाहुणे, अधिकारी आले की भिंत वाचत वाचत तिथे थांबतात आणि हसत विचारतात, "मॅडम, या टीचर कोण हो?"

मी म्हणते, "मी."